लाकूड, ओलावा आणि अहिल्याबाई घाटावरची नाव

काशीत मुन्शी घाट आणि शीतला घाट यांच्या मध्ये अहिल्याबाई घाट आहे. पूर्वी त्याला केवलगिरी घाट म्हणत. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो दगडात बांधून काढला, वर वाडा उभारला आणि तेव्हापासून तो त्यांच्या नावानं ओळखला जातो. महाराष्ट्रातून काशीयात्रेला गेलेला माणूस इथं हमखास थांबतो. पायऱ्या पाहतो, वाडा पाहतो, १७८० साली बाईंनी पुन्हा उभ्या केलेल्या विश्वनाथ मंदिराची आठवण काढतो. खाली पाण्याच्या कडेला लाकडी नावा बांधलेल्या असतात. त्यांतून तो पलीकडे जाऊनही येतो, पण त्यांच्या फळ्यांकडे सहसा त्याचं लक्ष जात नाही.

हे पुस्तक त्या फळ्यांविषयी आहे. ओलं लाकूड वाळलं की आकसतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते का आकसतं, किती आकसतं, एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी का, आणि साग आकसला तरी बेतानं का आकसतो, हे प्रश्न विचारले की सुतारही खांदे उडवतात आणि वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थीही. सुताराला उत्तर हातात माहीत असतं, विद्यार्थ्याला कागदावर. दोघांची गाठ पडावी यासाठी पुढची प्रकरणं लिहिली आहेत. विषय कोकणातल्या घराचा आहे, पुण्यातल्या वाड्याचा आहे, मिरजेच्या सतारीचाही आहे. तरी प्रस्तावनेसाठी अहिल्याबाई घाट घेतला, कारण वर्षभरात लाकडाला ओल्या-कोरड्याची इतकी टोकं सोसायला लावणाऱ्या जागा फार नाहीत.

मे महिन्यात बनारसचा पारा ४० अंशांच्या वर जातो, लू वाहते, दुपारची हवा ठणठणीत कोरडी असते. ऑगस्टमध्ये तीच हवा दमट होऊन अंगाला चिकटते. सावलीत ठेवलेली लाकडाची पातळ ढलपी मे महिन्यात आपल्या कोरड्या वजनाच्या ६-७ टक्के पाणी धरून असते, श्रावणात ते १६ टक्क्यांच्या आसपास जातं. नदीत बुडून राहिलेली फळी ३० टक्क्यांच्याही पुढे जाते. गंगाही एका जागी राहत नाही. वाराणसीला धोक्याची पातळी ७१.२६ मीटर धरतात, १९७८ च्या पुरात पाणी ७३.९० मीटरपर्यंत चढलं होतं, आणि उन्हाळ्यात ते धोक्याच्या खुणेखाली दहा मीटरहून अधिक उतरलेलं असतं. नाव दुरुस्तीसाठी पायऱ्यांवर किंवा रेतीवर ओढली की तिचा तळ काही दिवसांत उन्हानं तापून कोरडा पडतो. पुन्हा पाण्यात ढकलली की तोच तळ पाणी पितो. हा खेळ दरवर्षी चालतो, आणि त्यात टिकायचं तर लाकडाचा स्वभाव ओळखूनच नाव बांधावी लागते.

हा स्वभाव पेशींत आहे. लाकूड म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या पोकळ नळ्यांचा गठ्ठा. नळ्या खोडाच्या लांबीच्या दिशेनं उभ्या असतात. झाड तोडलं त्या दिवशी पाणी दोन ठिकाणी असतं : नळीच्या पोकळीत मोकळं, आणि नळीच्या भिंतीत मुरलेलं. वाळताना आधी मोकळं पाणी जातं. वजन घटतं, पण आकार तसाच राहतो. पोकळी रिकामी झाली आणि भिंत मात्र अजून पूर्ण ओली आहे, असा एक टप्पा येतो. बहुतेक जातींत तो २५ ते ३० टक्के ओलाव्याच्या दरम्यान असतो. हॅरी टीमन या अमेरिकी संशोधकानं १९०६ मध्ये तो नेमका मांडला. त्याला तंतुसंपृक्तता बिंदू म्हणतात. डेहराडूनची वन संशोधन संस्थाही त्याच वर्षी सुरू झाली आणि भारतीय जातींच्या लाकडावरचं मूलभूत काम पुढे तिथंच झालं.

या बिंदूच्या खाली पाणी भिंतीतून निघू लागतं, आणि आकसणं इथून सुरू होतं. वखारीतून आणलेलं ओंडक्याचं लाकूड कितीतरी दिवस नुसतं पडून असतं, त्याला काही होत नाही, आणि मग एका आठवड्यात त्याला चिरा पडायला लागतात. घरमालक ऊन-वाऱ्याला किंवा वखारवाल्याला दोष देतो. खरं तर तेवढा सगळा काळ फक्त मोकळं पाणी निघून जात असतं.

भिंत आकसते म्हणजे नेमकं काय होतं? तिच्यात सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू गुंडाळलेले असतात. भिंतीच्या सर्वांत जाड थरात ते नळीच्या लांबीशी साधारण १० ते ३० अंशांचा कोन करून, जवळजवळ उभेच असतात. पाण्याचे रेणू या तंतूंच्या मधल्या जागेत शिरून त्यांना बाजूला सारतात, आणि पाणी गेलं की तंतू पुन्हा जवळ येतात. त्यांची स्वतःची लांबी मात्र कमी-जास्त होत नाही. म्हणून लाकूड आडवं आकसतं, लांबीला जवळपास आकसत नाही. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत लांबीतली घट ०.१ ते ०.२ टक्के भरते. तीन मीटरचा खांब ३ ते ६ मिलिमीटरनं आखूड होतो, पण त्यावर ठेवलेली ३० सेंटिमीटर उंचीची तुळई ओली घातली असेल तर एकटी सेंटिमीटरभर खाली बसू शकते. नव्या लाकडानं दुरुस्त केलेल्या वाड्यात दोनेक वर्षांनी वरच्या मजल्याची जमीन एका बाजूला कललेली दिसते, त्याचं कारण पुष्कळदा इथं असतं.

कोवळ्या झाडाचं, गाभ्याच्या अगदी मधलं लाकूड या नियमाला जुमानत नाही. तिथं तंतूंचा कोन मोठा असतो, त्यामुळे ते लांबीलाही आकसतं आणि फळी धनुष्यासारखी वाकते. लवकर वाढवून लवकर तोडलेल्या लागवडीच्या लाकडात हा भाग मोठा असतो. निलगिरीत आणखी वेगळंच घडतं : मोकळं पाणी निघतानाच ते पेशींना आतल्या आत ओढून चेपतं, आणि फळीच्या पृष्ठावर खड्डे पडतात. बांधावर निलगिरी लावून तिच्या फळ्या काढू पाहणाऱ्या शेतकऱ्यांनी हे पाहिलेलं आहे.

आता घनतेकडे येऊ. पेशीची भिंत ज्या द्रव्याची बनते त्याची घनता जवळपास सगळ्या झाडांत सारखी, घन सेंटिमीटरला सुमारे १.५ ग्रॅम असते. सावर हातात हलकी लागते, अंजन पाण्यात बुडतं. पण दोन्हींतलं द्रव्य तेच आहे. सावरीच्या नळ्यांच्या भिंती पातळ आणि पोकळ्या मोठ्या, अंजनाच्या भिंती जाड आणि पोकळ्या चिंचोळ्या. आकसते ती भिंत, पोकळी नव्हे. म्हणजे ज्या लाकडात भिंत जास्त, त्याचं आकसणंही जास्त. लाकडाचं कोरडं वजन त्याच्या ओल्या आकारमानानं भागून येणाऱ्या घनतेला साधारण २८ नं गुणलं की आकारमानातली एकूण घट टक्क्यांत निघते. अमेरिकेतल्या पांढऱ्या ओकची अशी घनता ०.६० आहे. हिशेबानं घट १६-१७ टक्के यायला हवी, आणि मोजलेली घट १६.३ टक्के आहे.

याच हिशेबात साग बसवा. त्याची घनता ०.५५, म्हणजे ओकच्या अगदी जवळ. घट १५ टक्के यायला हवी. प्रत्यक्षात ती ७ टक्क्यांच्या आसपास येते. निम्म्याहून कमी! सागाची सगळी कीर्ती या फरकात आहे. सागाच्या गाभ्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं आणि रबरासारखा एक पदार्थ असतो. झाड जिवंत असतानाच ती पेशींत साठतात, भिंतीतल्या जागा आधीच अडवून बसतात. तिथं पाण्याला शिरायला वाव कमी, आणि जे शिरलंच नाही ते निघून जाण्याचा प्रश्न नाही. ही द्रव्यं वाळवताना उडून जात नाहीत, म्हणून भिंत भरलेलीच राहते. मात्र ती गाभ्यात असतात, बाहेरच्या फिकट लाकडात फारशी नसतात. ‘साग’ म्हणून फिकट पट्ट्यांच्या फळ्या घेणाऱ्याला नाव सागाचं मिळतं, गुण मिळत नाही. आपली शिवणही अशीच, हलकी आणि आकसण्यात संयमी. केवळ वजन पाहून लाकूड पारखणारा या दोन जातींशी येऊन अडखळतो.

तेव्हा घनता हा पहिला प्रश्न आहे, एकमेव नाही. ती आकसण्याचा सर्वसाधारण अंदाज देते. भिंतीत काय भरलं आहे आणि पेशी कशा रचल्या आहेत, हे पाहिल्याशिवाय तो अंदाज पक्का होत नाही. या पुस्तकाचं म्हणणं एवढंच आहे, आणि प्रत्येक प्रकरणात ते वेगवेगळ्या जातींवर तपासून पाहिलं आहे.

रचनेचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो दिशेत. सागाची फळी वर्षवलयांच्या कडेकडेनं ५.८ टक्के आकसते, आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेनं फक्त २.५ टक्के. थोड्याफार फरकानं हे दुप्पट प्रमाण बहुतेक झाडांत आहे. खोडात गाभ्याकडून सालीकडे आडव्या पेशींचे पट्टे जातात, त्यांना किरण म्हणतात. त्या पेशी स्वतःच्या लांबीला आकसत नाहीत, म्हणून त्या दिशेनं त्या लाकडाला धरून ठेवतात. वलयांच्या दिशेनं धरणारं कोणी नाही. गोल ओंडका वाळताना त्याला बाहेरून गाभ्याकडे चीर पडते ती याचमुळे : परीघ जास्त आकसू पाहतो, त्रिज्या तेवढी आकसत नाही, आणि कुठंतरी तुटावंच लागतं. गाभा मध्ये ठेवून घडवलेल्या वाड्याच्या खांबाला उभी चीर पडली तर घाबरण्याचं कारण सहसा नसतं. नळ्या तशाच उभ्या आहेत, वरचं वजन पेलत आहेत.

आता पुन्हा घाटावर. बनारसी नावेच्या लाकडात साल मुख्य. तिकडे त्याला साखू म्हणतात. घनमीटरला ८०० किलोच्या वर वजन भरणारं, जाड भिंतींचं, कडक लाकूड. सागासारखी भिंत भरून ठेवणारी द्रव्यं त्यात नाहीत, म्हणून ते सागापेक्षा पुष्कळ जास्त आकसतं आणि फुगतं. त्याच्या वाहिन्यांमध्ये शेजारच्या पेशी फुग्यांसारख्या घुसून त्या बंद करून टाकतात. त्यामुळे पाणी आत शिरतंही हळू आणि निघतंही हळू. सालाची फळी वाळवणं हे चिकाटीचं काम आहे. घाई केली की पृष्ठभाग आधी वाळतो, आतला भाग ओला आणि फुगलेलाच राहतो, आणि वरच्या बाजूला बारीक चिरांची जाळी उमटते.

एवढ्या आकसणाऱ्या लाकडाची नाव का करायची, असं कुणी विचारील. कारण नावेला हे फुगणं हवंच असतं. तळाच्या दोन फळ्या शेजारी शेजारी लोखंडी खिळ्यांनी जखडलेल्या असतात, मध्ये केसाएवढी फट. कारागीर बोथट धारेची लोखंडी पटाशी फटीवर टेकवतो, कापसाचा पीळ तिच्यापुढे धरतो आणि लाकडी हातोड्यानं थोडं थोडं ठोकत पुढे सरकतो. पीळ आत जातो तसा ठोक्याचा आवाज बदलतो, ठोसर होतो, आणि तो ऐकूनच हात थांबतो. मग वरून डांबर. नाव पाण्यात उतरली की पहिल्या दिवशी थोडं झिरपतं, पाणी उपसावं लागतं. एक-दोन दिवसांत फळ्या फुगतात, मधल्या कापसाला दोन्ही बाजूंनी चेपतात, आणि सांधा बंद होतो. तो बंद करण्याचं निम्मं काम लाकडाच्या पेशी करतात.

पण या कामाची किंमत लाकूड मोजतं, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. फळी फुगू पाहते, शेजारची फळी तिला फुगू देत नाही. कडा एकमेकींवर दाबल्या जातात. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की कडेच्या पेशी चेंगरतात, त्यांच्या भिंती दुमडतात, आणि त्या पुन्हा सरळ होत नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात फळी वाळते तेव्हा ती आधीच्या कोरड्या रुंदीला येऊन थांबत नाही, आणखी बारीक होते. फट गेल्या वर्षीपेक्षा रुंद दिसते. त्यात जास्त कापूस जोरानं ठासला तर पुढच्या पावसाळ्यात दाब आणखी वाढतो, पेशी आणखी चेंगरतात. म्हणूनच ठोक्याच्या आवाजावर कान ठेवून वेळीच थांबणाऱ्या कारागिराची नाव जास्त वर्षं टिकते. चेंगरण्याचं जे काम कडेच्या पेशींच्या वाट्याला आलं असतं, त्यातलं बरंचसं मऊ कापूस आपल्यावर घेतो.

आपल्या गावांतही हे रोज घडतं. कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की ती रात्रभर पाण्यात ठेवतात. सकाळी दांडा घट्ट, आणि चार दिवसांनी पहिल्याहून ढिला. लोखंडाच्या नेढ्यात फुगायला जागा नव्हती, पेशी चेपल्या, आणि वाळल्यावर दांडा नेढ्याहून लहान झाला. पाचर मारणं हा त्यावरचा खरा उपाय, पाणी हा एका दिवसाचा. बैलगाडीच्या बाभळीच्या चाकाचे आरे उन्हाळ्यात खुळखुळायला लागले की गाडी ओढ्यात उभी करत, तिथंही हेच. गरम करून चढवलेली लोखंडी धाव चाकाला आवळून धरते, पण वर्षानुवर्षांच्या भिजण्या-वाळण्यानं लाकूड हळूहळू हटत जातं.

घरातली गोष्ट वेगळी नाही. सागाच्या उभ्या फळ्या जोडून केलेल्या ६० सेंटिमीटर रुंद झडपेचा ओलावा उन्हाळ्यात ८ टक्के आणि पावसाळ्यात १४ टक्के धरला, तर फरक ७ मिलिमीटरचा पडतो. सागाची ही कथा, तर आंब्या-बाभळीची काय असेल! श्रावणात दार चौकटीला घासतं म्हणून ते रंधून काढलं, की वैशाखात त्यातून उजेड दिसतो. जुन्या सुतारांनी यावर शोधलेलं उत्तर अजूनही सर्वांत चांगलं आहे : बाहेर अरुंद पट्ट्यांची चौकट, तिच्या आतल्या कडेला खाच, आणि खाचेत मोकळी बसवलेली रुंद फळी. ती कुठंही खिळ्यानं किंवा सरसानं जखडलेली नसते, मनाजोगती फुगते आणि आकसते. नंतर कुणीतरी तिच्या कडांवर रंगाचे जाड थर चढवतो, फळी अडकते आणि मधोमध फाटते.

वाड्यांच्या दुरुस्तीत सध्या सर्रास दिसणारी एक गोष्ट याहून वाईट आहे. उन्हाळ्यात खांबांच्या आणि तुळयांच्या उघड्या चिरा सिमेंटनं किंवा कडक होणाऱ्या रसायनानं भरतात. दिसायला काम छान होतं. पावसाळ्यात लाकूड फुगून चीर मिटवू पाहतं, मध्ये दगडासारखा अडसर असतो. मग एक तर कडेच्या पेशी चेंगरतात किंवा चीर मागच्या बाजूनं पुढे सरकते. नावेच्या कारागिरानं कापूस का निवडला, हे समजलेला माणूस लाकडात सिमेंट भरणार नाही. चीर रुंद असेल तर त्याच जातीची वाळलेली पातळ पट्टी एकाच कडेला चिकटवून बसवावी आणि दुसरी कड मोकळी ठेवावी. बारीक असेल तर तशीच असू द्यावी.

ही जाण पूर्वी मोठ्या प्रमाणावर वापरात होती. शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या जंगलातला साग आणला गेला. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्यानं मुंबईच्या गोदीत सागाची जहाजं बांधली. त्यांतलं १८१७ साली उतरवलेलं ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजूनही पाण्यावर तरंगतं आहे. साग बेतानं आकसतो, आणि ओकमधल्या टॅनिनसारखा लोखंडी खिळ्यांना खात नाही. लढाईत तोफेच्या गोळ्यांपुढे जहाजाचा जेवढा कस लागतो तेवढाच हवेपुढेही लागतो, हे त्या कारागिरांना ठाऊक होतं.

पुढच्या प्रकरणांत साग, साल, शिवण, ऐन, किंजळ, फणस, आंबा, बाभूळ, तूण आणि निलगिरी या जाती एकेक करून घेतल्या आहेत. कोणती किती आकसते, कोणत्या बाजूनं कापली तर कमी हलते, आणि कशी रचून वाळवावी, हे आकड्यांसह दिलं आहे. इमारती लाकूड वाळवण्यासाठी आयएस ११४१ आणि त्यातल्या ओलाव्याच्या मर्यादांसाठी आयएस २८७ ही भारतीय मानकं आहेत. त्यांचा सोपा सारांश शेवटी जोडला आहे. वखारीत जाणाऱ्यानं निदान तेवढी पानं बरोबर न्यावीत, आणि भाव ठरवण्याआधी ओलावा मोजून मागावा. तो मोजण्याचं छोटं यंत्र आता सहज मिळतं.

वाचकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या गावात नाव, चाक, दार किंवा वाद्य घडवणारा जुना कारागीर असेल, तर तो कोणतं लाकूड कोणत्या महिन्यात तोडतो, किती दिवस कुठं ठेवतो, सांध्यात काय भरतो आणि केव्हा थांबतो, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि मला कळवा. पुढच्या आवृत्तीत ते त्याच्या नावानिशी छापलं जाईल.